भोपळ्यात बसून आईकडे

घर चाकांवर घालायचं आणि बाराशे किलोमीटर तुडवायचे, तेही एका ८४ वर्षांच्या बाईंना भेटायला! कॅलिफोर्निया ते अॅरिझोना, एका आरव्ही ट्रिपची गोष्ट.

लेकीच्या घरून भोपळ्यात बसून परत निघालेली म्हातारी आठवतेय ना? वाटेत वाघ काय, कोल्हा काय, सगळे टपून बसलेले आणि ही बाई आत बसून गडगडत घरी. त्या गोष्टीत लहानपणी कुणालाच न पडलेला एक प्रश्न आहे. एवढ्या जंगलातून, या वयात, एकटी म्हातारीच का गेली? लेकीनं आणायचा होता की भोपळा!

अमेरिकेत मुलं आणतात भोपळा. भाड्यानं मिळतो. त्याला आरव्ही म्हणतात, म्हणजे रिक्रिएशनल व्हेईकल, म्हणजे चाकांवरचा वन बीएचके. त्यातला हॉल नावापुरता, बेडरूम ओढूनताणून, किचन मात्र फर्स्ट क्लास. शेगडी, फ्रीज, मायक्रोवेव्ह, सगळं जागच्या जागी. वर टॉयलेट-शॉवर. ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा असतो, त्यावर चक्क डबल बेड. 'अबाउट श्मिट' (२००२) पाहिलाय? त्यात रिटायर झालेला, बायको गेलेला जॅक निकल्सन असंच एक अवजड घर चालवत मुलीच्या लग्नाला निघतो. तिला तो तिथं नको असतो, ही गोष्ट वेगळी.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑफिसच्या कामानं मी तीन महिने सॅन होजेला होते. ताई तिथंच राहते. तिचा नवरा अमेरिकन, पण 'जिजू' म्हटलं की भलताच खूश होतो. थँक्सगिव्हिंगची सुट्टी जवळ आली होती. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे तिकडची दिवाळीच समजा. अख्खा देश बॅगा भरून आपापल्या घरी निघालेला असतो. जिजूची आई अॅरिझोनात, फिनिक्सला लागून असलेल्या सन सिटीत राहते. एकटी. विमानानं गेलं तर दोन तासांचा मामला.

मग विमानानं का नाही? मी पहिल्याच दिवशी विचारलं. तर म्हणे, विमानानं गेलं की सगळी भेट त्यांच्या पाहुणचारातच संपते. आठवडाभर आधीपासून सासूबाई घर घासायला लागतात. चादरी, टॉवेल, केक, नातवासाठी वेगळी खोली. आम्ही निघालो की दोन दिवस अंथरुणावर. हॉटेलात उतरलं तर रुसवा. म्हणून यंदा आपलं घर आपण घेऊन जायचं!

दुसरं कारण ताईनं मला ओट्यापाशी हळू आवाजात सांगितलं. सासूबाई अजून स्वतः गाडी चालवतात. ऑक्टोबरात त्यांच्या शेजारणीचा फोन आला होता. गॅरेजच्या भिंतीला आतून भलामोठा पोचा पडलाय म्हणून. जिजूनं आईला विचारलं, तर उत्तर आलं, "कसला पोचा?" जिजूला या भेटीत गाडीची किल्ली मागायची होती.

आपल्याला यातलं टेन्शन चटकन कळत नाही. आपल्याकडे कोपऱ्यावर रिक्षा असते, वाणी सामान घरपोच देतो, शेजारचा पिंट्या औषधं आणून देतो. अमेरिकेच्या बहुतेक उपनगरांत दुधाच्या पिशवीसाठीही गाडी काढावी लागते. किल्ली गेली की दूध, डॉक्टर, मैत्रिणी, चर्च सगळंच गेलं. त्यामुळे म्हाताऱ्या आईबापांकडे किल्ली मागणं हा तिथल्या घराघरातला सगळ्यात अवघड विषय. तो कसा काढायचा यावर पुस्तकं आहेत, समुपदेशक आहेत. जिजूनं ती सगळी पुस्तकं वाचली होती आणि तरीही तो जाम घाबरला होता.

अॅव्हरेज विचारू नका

आमची आरव्ही पंचवीस फुटी होती. चालवायला साधं कारचं लायसन्स पुरतं, हे ऐकून मलाच धडकी भरली. उंची साधारण बारा फूट, म्हणजे पेट्रोल पंपाचं छप्पर, झाडाची फांदी, बर्गरवाल्याची कमान, सगळीकडे मान वर करून बघायचं. चालत्या गाडीत मागच्या पलंगावर लोळत जायची स्वप्नं असतील तर ती आत्ताच गुंडाळून ठेवा. सगळ्यांनी सीटवर, पट्टा लावून. आणि अॅव्हरेज? लिटरला साडेतीन-चार किलोमीटर. दहा दिवसांत पेट्रोलवरच सहाशे-साडेसहाशे डॉलर गेले. गाडीचं भाडं, मैलाला वेगळे पैसे, रात्रीच्या मुक्कामाचं भाडं, सगळं धरलं तर चौघांचं विमानाचं तिकीट परवडतं. 'आरव्ही म्हणजे स्वस्तातली ट्रिप' असं कुणी सांगितलं तर त्यानं हिशेब केलेला नाही, एवढं नक्की.

या वेडाचं वय मात्र शंभराच्या पुढे. १९१० मध्ये पिअर्स-अॅरो कंपनीनं झोपायची सोय असलेली, वॉशबेसिनवाली मोटार काढली होती. १९१९ मध्ये फ्लोरिडात 'टिन कॅन टूरिस्ट्स' नावाचा हौशी मंडळींचा क्लबच निघाला. जॉन स्टाइनबेक १९६० मध्ये आपल्या कुत्र्याला घेऊन ट्रकवरच्या अशाच घरातून अमेरिका फिरला आणि त्यावर त्यानं 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' लिहिलं. गाडीला नाव काय दिलं, तर डॉन किहोटेच्या घोड्याचं, रोसिनांते. आमच्या गाडीचं बारसं सहा वर्षांच्या भाच्यानं केलं. 'पम्पकिन'. भोपळ्याची गोष्ट मावशीनं आदल्या रात्रीच सांगितली होती!

लॉस एंजेलिसचं ट्रॅफिक टाळायला आम्ही बेकर्सफील्डवरून टेहाचापीचा घाट चढून मोहावेच्या वाळवंटात उतरलो. मोहावे गावाबाहेर निवृत्त विमानं ओळीनं उभी असतात. भाचा काचेला नाक लावून मोजत होता. पहिला मुक्काम बार्स्टोजवळ. आरव्ही पार्कमध्ये पोचलं की आधी वीज जोडायची, मग पाणी, मग सांडपाण्याचा पाइप. एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावला की फ्यूज गेलाच म्हणून समजा. चहा गरम होईपर्यंत घाम पुसत बसायचं.

आता त्या विषयाकडे येऊ, ज्याबद्दल इन्स्टावरची मंडळी अवाक्षर काढत नाहीत. आरव्हीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची आणि एक... टॉयलेटची. ती भरली की तुम्हालाच रिकामी करावी लागते. हातमोजे घालून, हातभर जाड पाइप लावून. एमबीए असा नाहीतर टीम लीड, पाइप कुणाला सोडत नाही. आमच्याकडे ही जबाबदारी जिजूवर होती आणि तो ती नाक दाबून, घाईघाईनं उरकायचा.

स्नोबर्ड्सच्या गावात

दुसऱ्या दिवशी नीडल्सवरून अॅरिझोनात. नीडल्सला पेट्रोल भरू नका, पुढे पूल ओलांडलात की गॅलनमागे डॉलरहून जास्त वाचतो. वाटेत लेक हावासू सिटी लागतं. तिथं वाळवंटाच्या मधोमध लंडन ब्रिज उभा आहे. नक्कल नाही, अस्सल! १९६८ मध्ये एका उद्योगपतीनं तो लंडनकडून विकत घेतला, दगडांवर नंबर टाकून जहाजानं आणवला आणि १९७१ मध्ये इथं पुन्हा उभा केला. पैसा असला की माणूस काय काय करतो!

मला खरी बघायची होती ती क्वार्टझसाइटची वस्ती. एरवी हे अडीच हजार माणसांचं गाव. थंडी पडली की कॅनडा, मिनेसोटा, विस्कॉन्सिनकडून हजारो आरव्ही इथं उतरतात. या मंडळींना 'स्नोबर्ड्स' म्हणतात. बहुतेक साठी-सत्तरीच्या पुढचे. गावाबाहेर केंद्र सरकारची मोकळी जमीन आहे. सप्टेंबर ते एप्रिलच्या मोसमात तिथं मुक्काम ठोकायचं शुल्क अनेक वर्षं १८० डॉलर होतं. 'नोमॅडलँड'चं (२०२०) काही शूटिंग इथलंच. सिनेमात दिसते ती गरिबी इथं आहेच. व्हॅनमध्ये झोपणाऱ्या, पेन्शन न पुरणाऱ्या एकट्या बायका आहेत. शेजारच्याच प्लॉटवर काही लाख डॉलरच्या बसमध्ये वाइन पिणारं जोडपंही आहे. संध्याकाळी दोघंही एकाच शेकोटीपाशी.

आमच्या शेजारी एक आजी-आजोबा होते. घर विकून सहा वर्षं रस्त्यावरच. मी विचारलं, मुलं काय म्हणतात? आजोबा म्हणाले, "मुलं दोन राज्यांत. वसंतात एकाच्या अंगणात गाडी लावतो, शरदात दुसऱ्याच्या. तीन आठवडे झाले की निघतो. त्यांनी 'निघा' म्हणायच्या आत." आजी नुसत्या हसल्या. तिसरा आठवडा कसा ठरवला, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

प्रवेशासाठी वयाची अट

सन सिटी ही जागा एकदा बघावीच. १ जानेवारी १९६० ला डेल वेब नावाच्या बिल्डरनं कापसाच्या शेतांवर ही वसाहत खुली केली, खास निवृत्तांसाठी. म्हातारी माणसं पोराबाळांपासून लांब, फक्त म्हाताऱ्यांच्या गावात कशाला राहायला जातील, अशी शंका त्या काळी भल्याभल्यांना होती. पहिल्या तीन दिवसांत जवळजवळ लाखभर माणसं बघायला आली. आजही घरात किमान एकजण ५५ च्या पुढचा हवा आणि १९ च्या आतल्या कुणाला तिथं कायमचं राहता येत नाही. नातवंडांनी यायचं ते पाहुणे म्हणूनच. गोल गोल रस्ते, गोल्फ कोर्स, पोहण्याचे तलाव, सुतारकामाचे वर्ग आणि रस्त्यावरून टुकटुक धावणाऱ्या गोल्फ कार्ट्स. गस्तसुद्धा सत्तरीतले स्वयंसेवक घालतात.

खरं सांगू? मी नाक मुरडायच्या तयारीनं गेले होते. पण त्या गावात 'या वयात कशाला' हे वाक्य मी चार दिवसांत एकदाही ऐकलं नाही.

सासूबाई दारात उभ्याच होत्या. मी नावानं हाक मारावी असा त्यांचा आग्रह. ८४ वर्षांच्या बाईंना नावानं? माझी जीभच उचलेना. शेवटी 'काकू'वर तह झाला. काकू म्हणजे वडिलांच्या भावाची बायको, असं समजावलं तर त्या गोंधळल्या. "पण तुझ्या वडिलांच्या भावाला मी ओळखतही नाही!"

अशा वसाहतींत आरव्ही घरासमोर दिवसेंदिवस उभी करू देत नाहीत. रात्री आम्ही जवळच्या आरव्ही पार्कमध्ये झोपायचो आणि सकाळी पोहे डब्यात घालून काकूंकडे. फरक जाणवला. त्यांना चादरी घालायच्या नव्हत्या, नाश्त्याचं बघायचं नव्हतं. दुपारी आम्ही 'घरी' गेलो की त्या झोप काढायच्या. गुरुवारची टर्की मात्र त्यांनीच केली. ताईनं बटाट्याची भाजी केली, ती आधी संपली. टर्कीचं मी नुसतं कौतुक केलं.

गॅरेजमधला पोचा सगळ्यांनी बघितला. त्यावर कुणी काही बोललं नाही. भिंतीपुढे एक मोठं कॅलेंडर टांगलं होतं, जमिनीपासून दोन फुटांवर. इतक्या खाली कॅलेंडर कोण टांगतं?

जिजूनं मंगळवारी विषय काढायचं ठरवलं, बुधवारवर ढकललं. बुधवारी त्यांची मैत्रीण आली. गुरुवारी सण. घरात त्या सारख्या उठायच्या. कॉफी, पाणी, नातवाचं काहीतरी. समोर बसतील तर ना!

आधी काळं, मग करडं

शुक्रवारी ताई म्हणाली, एक रात्र आईंनाही घेऊन जाऊ. अर्ध्या-पाऊण तासावर व्हाइट टँक माउंटन पार्क आहे. आरव्हीची पायरी त्यांना उंच पडत होती, म्हणून किचनमधलं स्टूल ठेवलं. वर आल्या, आजूबाजूला बघितलं आणि म्हणाल्या, "फ्रीजचं दार बांधलेलं नाही तुम्ही." पहिल्या वळणावर दार उघडलं आणि लोणच्याची बरणी माझ्या पायापाशी आली.

त्यांची आणि सासऱ्यांची स्वतःची ट्रेलर होती, हे मला तेव्हा कळलं. शिवाय विस्कॉन्सिनमध्ये त्यांनी २२ वर्षं शाळेची बस चालवली होती. बर्फात, पहाटेच्या अंधारात, पन्नास पोरं मागे घेऊन. पार्कमध्ये जिजू टाकी रिकामी करायला लागला, तर या छत्री टेकत मागून हजर. "आधी काळी टाकी, मग करडी. साबणाच्या पाण्यानं पाइप धुऊन निघतो. कितीदा सांगितलंय बाबांनी तुला?" पन्नाशीतला जिजू मान खाली घालून "येस, मॉम." आठवडाभरात पहिल्यांदा काकू मोठ्यानं हसल्या.

सगळीकडे सग्वारो निवडुंग उभे होते. या निवडुंगाला पहिला हात फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. "म्हणजे तो माझ्याएवढा," काकू एका दोन हातवाल्याकडे बघत म्हणाल्या.

रात्री भाचा आजीच्या पलंगावर झोपला, ताई माळ्यावर, मी जेवणाच्या टेबलाच्या पलंगावर. खिडकीबाहेर दोन खुर्च्यांवर मायलेक. आरव्हीच्या भिंती म्हणजे पुठ्ठा. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतंच.

"तू का आलायस ते मला माहीत आहे," काकू म्हणाल्या. "टर्की खायला कुणी एवढा मोठा डबा घेऊन येत नाही."

जिजू गप्प.

"रात्रीची मी दोन वर्षं चालवत नाही. डावीकडे वळायचं तर तीनदा उजवीकडे वळते. हायवेवर जात नाही." थोडा वेळ गेला. "त्या दिवशी ब्रेक समजून दुसरंच दाबलं. भिंत होती म्हणून बरं. मी कुणाला सांगितलं नाही. कॅलेंडर लावलं."

मग जिजूनं त्याचे पर्याय सांगितले. अॅपवरची टॅक्सी आहे, घरपोच किराणा आहे, कॅलिफोर्नियाला आमच्याकडे ये. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मंगळवारी पत्ते असतात. डाव संपला की आम्ही अर्धा तास दारात उभ्या राहून बोलतो. टॅक्सीवाला थांबेल? मी तुझ्याकडे आले तर तिथं माझा मंगळवार कुठला?"

याला जिजूकडे उत्तर नव्हतं. पुस्तकांतही नसावं.

साडेअकरापर्यंत दोघं बसले होते. ठरलं ते इतकंच. अॅरिझोनात ६५ नंतर दर पाच वर्षांनी डोळे तपासून लायसन्सचं नूतनीकरण करावं लागतं. काकूंचं २०२५ च्या उन्हाळ्यात येत होतं. त्याच्या आधी त्या स्वतःहून ड्रायव्हिंगची तपासणी करून घेणार. तिकडे हे काम करणारे प्रशिक्षित थेरपिस्ट असतात. नजर, प्रतिसादाचा वेग, प्रत्यक्ष रस्ता, सगळं बघतात. तोपर्यंत फक्त दिवसा, फक्त वसाहतीत. निकाल लागेल तो मान्य. "तुझा नाही, त्यांचा," असं त्यांनी दोनदा बजावलं.

जुलै २०२५ मध्ये तपासणी झाली. निकाल त्यांनी फोनवर सांगितला नाही. जिजूला पाकीट आलं, आत गाडी विकल्याची पावती. लायसन्स मात्र त्यांनी नवीन करून घेतलं, कारण रस्त्यावर गोल्फ कार्ट चालवायलाही ते लागतं. मंगळवारच्या पत्त्यांना त्या आता कार्टनं जातात, दुपारच्या उजेडात. पार्लरला शेजारीण नेते. गेल्या नोव्हेंबरला ताई-जिजू पुन्हा भोपळा घेऊन गेले होते. या वेळी दोन रात्री पार्कमध्ये.

आपल्याकडेही आता हे फॅड येतंय. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पुण्या-मुंबईत कॅम्परव्हॅन भाड्यानं मिळतात. ग्रुपवर कुणी ना कुणी कोकणच्या ट्रिपचे फोटो टाकतच असतं. आईबाबांकडे जायला मात्र आपल्यातल्या बहुतेकांना व्हॅन लागत नाही. माझे आईबाबा साताऱ्याला. हिंजवडीहून तीन-साडेतीन तास. तरी जाणं होतं ते शनिवारी दुपारी पोचून रविवारी संध्याकाळी निघण्यापुरतं, त्यातही लॅपटॉप उघडा. आई आठवडाभर आधीपासून चिवडा-लाडवाच्या मागे. समोर बसेल तर ना!

बाबा ७३ चे आहेत. मंडई, बँक, मित्रांचा कट्टा, सगळं स्कूटरवरून. आपल्याकडे पंचावन्नच्या पुढे लायसन्स दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं, डॉक्टरचा दाखला जोडून. बाबांचं पुढच्या वर्षी येतंय. परवा फोनवर ते सहज म्हणाले, स्कूटरला मागचा दिवा नवीन बसवलाय, मस्त लाल उजेड पडतो. जुना कशानं फुटला, ते काही बोलले नाहीत. या शनिवारी चाललेय मी. सोमवारची रजा टाकलीय.